ओल कुणाची?

ऑगस्टमध्ये कपाट उघडलं की आधी वास येतो. मग दिसतो जर्किनवर उठलेला पांढुरका थर, बेल्टवरचे हिरवट ठिपके आणि कपाट सरकवलंच तर मागच्या भिंतीवरची काळी नक्षी. नऱ्हे, आंबेगाव, वाघोली, वाकड, हिंजवडी... पुण्याच्या कडेकडेने शेअरिंगमध्ये फ्लॅट घेऊन राहणाऱ्या कुणालाही विचारा, हे वर्णन त्याच्याच रूमचं निघेल. मालकाला फोटो पाठवला की उत्तर ठरलेलं, ‘तुम्ही पोरं खिडक्या उघडत नाही, ओले कपडे आत वाळत घालता.’ अकरा महिने संपले की डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कट.

मालकाचं म्हणणं दरवेळी खोटं असतं असं नाही, बरं का. चौघांच्या जीन्स बंद खोलीत वाळत असतील, तर त्यातलं पाणी जाणार कुठे? गार भिंतीवरच बसणार. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतातच, त्यांना फक्त ओलावा हवा असतो. पण तोच ओलावा वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधूनही झिरपू शकतो, बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून येऊ शकतो किंवा घाईघाईत रंगवलेल्या, नीट न सुकलेल्या प्लास्टरमध्येच अडकलेला असू शकतो. गंमत म्हणजे कधी कधी ती बुरशीच नसते, लोणा असतो. पाण्याचा थेंब टाकून बघा. क्षार असेल तर विरघळतो, बुरशी विरघळत नाही.

म्हणजे ‘ओल कुणाची’ हा प्रश्न वादावादीने सुटणारा नाही. कुणीतरी येऊन नीट बघायला हवं. येतं कोण? ‘फ्री इन्स्पेक्शन’वाला वॉटरप्रूफिंगचा माणूस. तो फ्री येतो, कारण पुढचं काम त्यालाच हवं असतं. गल्ली क्रिकेटमध्ये बॅटिंगवाल्या टीमचाच अंपायर असतो, तसला हा प्रकार. मालकाने आणलेला पेंटर म्हणणार, रंग मारला की झालं. बिल्डरचा सुपरवायझर म्हणणार, पहिल्या पावसात एवढं होतंच.

अमेरिकेत टेक्सास आणि न्यू यॉर्क या राज्यांनी याच जागेवर बोट ठेवलंय. तिथे बुरशी तपासायला परवाना लागतो आणि ज्याने तपासणी केली, त्याला त्याच घरातलं सफाईचं काम घेता येत नाही. नियम साधा आहे, पण त्यामुळे तपासणाऱ्याला डाग मोठा करून सांगण्यात फायदा उरत नाही.

‘तुमच्या राहणीमुळे होतंय’ हे वाक्य किती महाग पडू शकतं, ते इंग्लंडमधल्या रॉचडेलने पाहिलंय. सुदानहून आलेल्या एका कुटुंबाने 2017 पासून घरातल्या बुरशीची तक्रार केली होती. घरमालक संस्थेने दोष त्यांच्या राहणीवर ढकलला. डिसेंबर 2020 मध्ये त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अवाब इशाक गेला आणि बुरशीच्या सततच्या संपर्कामुळे झालेला श्वसनाचा आजार हे त्याचं कारण असल्याचं 2022 मध्ये चौकशीत निष्पन्न झालं. त्याच्या नावाने ओळखला जाणारा ‘अवाब्ज लॉ’ ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. सामाजिक गृहसंस्थांना आता ठरलेल्या मुदतीत तपासणी करावीच लागते. आपल्या रूममध्ये असं होईल म्हणून घाबरायला नको, पण ज्याला दमा आहे, त्या रूममेटला त्या भिंतीशेजारची कॉट देऊ नका.

चांगली तपासणी फार हायफाय नसते. भिंतीला टेकवायचा मॉइश्चर मीटर, खोलीतली आर्द्रता सांगणारं छोटं यंत्र, एक टॉर्च आणि वरच्या मजल्यावर जाऊन दार वाजवायची तयारी. ओल वरून खाली येतेय की खालून वर चढतेय, नळ दोन दिवस बंद ठेवल्यावर आकडा उतरतो का, हे बघायचं. हवेचे नमुने लॅबला पाठवण्याचं महागडं पॅकेज कुणी विकत असेल, तर जरा थांबा. बुरशी डोळ्यांना दिसत असेल, तर बहुतेक वेळा नमुने घ्यायची गरज नसते, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीएच सांगते.

घर स्वतःचं असेल, तर आणखी एक गोष्ट घरी जरूर सांगा. रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. 2021 मध्ये महापालिकेत 23 गावं आली. त्या पट्ट्यातल्या कितीतरी नव्या सोसायट्यांची ही पाच वर्षं गुपचूप सरत चाललीत आणि लोक दर दिवाळीला डागावर नवा रंग मारतायत. कुणाचंही कमिशन न खाणाऱ्या माणसाचा लेखी रिपोर्ट हातात असेल, तर बोलणं वेगळ्या पातळीवर होतं.

भाडेकरूंची गोची वेगळी. आपण फ्लॅट बघतो ऐन उन्हाळ्यात, ताज्या रंगाच्या वासात. भिंत तेव्हा कोरडी ठणठणीत असते. म्हणून किल्ली घेतानाच प्रत्येक खोलीचे, कपाटामागचेसुद्धा, फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. ओलीचा खर्च कुणाचा, ही एक ओळ करारात घालायला सांगा. मालक तोंड वाकडं करेल, करू दे.

आणि सिव्हिलवाल्यांनो, हे तुमच्याकडे मागणं आहे. मॉइश्चर मीटर काही हजारांत येतो, लॅबला तो परवडेल. एका प्राध्यापकाच्या देखरेखीखाली चार-पाच जणांची टीम आसपासच्या इमारतींत फिरली, मोजमाप लिहून दिलं आणि दुरुस्तीचं काम कुणालाही सुचवलं नाही, तर मालक आणि पोरं दोघांनाही मानावा लागेल असा कागद तयार होईल. प्रोजेक्टला विषय शोधत फिरताच ना? फक्त ऑक्टोबर हीटची वाट बघू नका. तोवर भिंती वाळतात, डाग फिके पडतात आणि मीटर काहीच सांगत नाही.