बाहेर जाणारी वाट
जानेवारी 2021 मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे 14 कोटींहून अधिक रुपये ऑनलाइन चोरांनी परस्पर वळते केले; त्याआधी ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे 94 कोटी गेले होते. नुसत्या फायरवॉलने हे टळलं असतं असा माझा दावा नाही. पण उसाचं बिल आणि पेन्शन सांभाळणाऱ्या आपल्या नांदेड-लातूरच्या संस्थांनी फायरवॉलचे नियम दोन्ही दिशांचे लिहायलाच हवेत. विंडोजची फायरवॉल बाहेरून येणारी अनोळखी जोडणी मुळातच अडवते, आतून बाहेर जाणारी मात्र मोकळी सोडते; आणि एकदा आत शिरलेला घातक प्रोग्राम याच वाटेने आपल्या मालकाशी बोलतो. संस्थेचं सॉफ्टवेअर स्वतःच्या वेगळ्या प्रोटोकॉलवर चालत असलं की बसवणारा घाईत ‘सगळं चालू द्या’ असा नियम टाकून निघून जातो. हे धोक्याचं आहे. नेमका पोर्ट, नेमका प्रोग्राम आणि आपल्याच शाखांचे आयपी पत्ते, एवढ्यांनाच आत येऊ द्यावं; बाहेरही कामाच्या सर्व्हरपुरतंच उघडावं. प्रोटोकॉल थेट आयपीवर बसवलेला असेल, तर टीसीपी-यूडीपीसारखे पोर्ट क्रमांक तिथे चालत नाहीत, नियमात प्रोटोकॉलचाच क्रमांक द्यावा लागतो (टीसीपीचा 6, यूडीपीचा 17, प्रयोगासाठी 253 आणि 254 राखीव आहेत). अडवलेल्या जोडण्यांची नोंदही मुद्दाम सुरू करावी लागते, विंडोज ती आपणहून ठेवत नाही. संचालकांनो, पुढच्या बैठकीत आउटबाउंड, म्हणजे बाहेर जाणाऱ्या जोडण्यांच्या, नियमांची छापील यादी मागून घ्या.