कोयत्यात दोन माणसे असतात



टाळेबंदी म्हटले की शहरांतून पायी निघालेले मजूर आठवतात. पण बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास सांगली, कोल्हापूरकडे जाणारे ऊसतोड कामगारही तेव्हा अडकले होते. त्यांतल्या बायांविषयी मला लिहायचे आहे.

मार्च २०२० मध्ये सगळ्यांना घरात बसा असे सांगितले गेले. साखर जीवनावश्यक, म्हणून कारखाने मात्र चालू राहिले. या बाया पहाटे अंधारात फडात जात राहिल्या. त्यांचे घर म्हणजे तळावरची कोपी. तिथे अंतर कसे राखायचे? हात धुवायला पाणी हवे, तर ते लांबून आणायचे बाईनेच. हंगाम संपला तेव्हा रस्ते बंद होते. १७ एप्रिलला सरकारने सव्वा लाखावर कामगारांना परतण्याची परवानगी दिली. गावी पोचल्यावरही अनेकांना वेशीबाहेर, रानात थांबावे लागले. गरोदर बाया आणि ओल्या बाळंतिणीही त्यांत होत्या.

मदत जाहीर झाली होती. महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने ५०० रुपये जमा होणार होते. पण खाते गावच्या बँकेत, रेशनकार्ड गावी सासूजवळ आणि बाई कारखान्याच्या तळावर. मदत पत्त्यावर येते. स्थलांतरित बाईला सहा महिने पत्ताच नसतो.

याचे मूळ रोगात नाही, हिशेबात आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतो नवरा, अंगठा किंवा सही त्याची. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, वर स्वयंपाक आणि पोरे सांभाळते. पण वहीत तिचे नाव नसते. एकटे माणूस आले तर त्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. खाडा पडला की दंड कापला जातो, म्हणून दुखणे अंगावर काढायचे. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. सरकारी पाहणीत १३ हजारांहून अधिक बायांची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे महामारी येण्याआधीच या शरीरांची किंमत ठरलेली होती.

पुढे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळामार्फत नोंदणी आणि ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले. ते स्वागतार्ह आहे. पण ओळखपत्र कुणाच्या नावाचे, हे आपणच विचारायला हवे. कुटुंबप्रमुखाच्या नावाने झालेली नोंद बाईपर्यंत पोचत नाही, हे रेशनपासून सातबारापर्यंत आपण पाहत आलो आहोत.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. प्रत्येक बाईची स्वतंत्र कामगार म्हणून नोंद हवी. उचलीच्या करारात तिचे नाव आणि मजुरीतला तिचा वाटा तिच्या खात्यात हवा. तळावर पाणी, संडास, रेशन आणि नर्सबाईंची फेरी हवी. बाळंतपणात आणि आजारपणात खाड्याचा दंड नको.

टोळ्या निघण्याआधी आपल्या गावातल्या बायांची यादी करा. कारखान्यांच्या भागातल्या संघटनांनी तळावर जाऊन ती पडताळावी. दोन्ही टोकांच्या बायांनी हे काम एकत्र केले, तर पुढच्या संकटात ‘आकडेवारी उपलब्ध नाही’ असे कुणाला म्हणता येणार नाही. तुमच्या याद्या आणि अनुभव जरूर कळवा; पुढच्या अंकात त्यांना जागा ठेवली आहे.