बर्लिनहून परतलेला घाशीराम
पेशवाईतल्या पुण्याचे धिंडवडे काढणारा ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६) हा चित्रपट सावरला गेला तो थेट बर्लिनमध्ये! फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या पोरांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढून तो केला. पटकथा विजय तेंडुलकरांची, नाना फडणवीस झाले मोहन आगाशे, घाशीराम ओम पुरी, तेही पदार्पणात. तेंडुलकरांच्या मूळ नाटकावरून गदारोळ झालाच होता, चित्रपट मात्र नुसता विस्मरणात गेला. बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेकडे प्रत होती. तिचं डिजिटल रूप २०१४ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात झळकलं, डीव्हीडीही निघाली. लांबलचक शॉट थांबवून, मागे नेऊन पाहायची सोय झाली. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत तो पाच मिनिटंही टिकला नसता. मुरबाडकरांनी रागावू नये. डीव्हीडी निघाली खरी, पण शेजारच्या शहापुरातले डीव्हीडी प्लेअर एव्हाना माळ्यावर गेलेत.