फॉरमॅट मारा!

"फॉरमॅट मारून टाका" हे वाक्य माझ्या भयंकर डोक्यात जातं. कॉम्प्युटर हळू चालतोय? फॉरमॅट मारा. प्रिंटर दिसत नाही? फॉरमॅट मारा. आमच्या लहानपणी गल्लीतल्या डॉक्टरांकडे ताप, खोकला, पोटदुखी सगळ्यावर एकच लाल मिक्श्चर असायचं, तसला प्रकार. फरक इतकाच, की त्या मिक्श्चरने निदान काही पुसलं जात नसे.

मागच्या शनिवारी सकाळी मामेभावाचा फोन.

"दादा, कॉम्प्युटर परत हँग झाला. आणि थिसिसचं मॉडेल गेलं."

हा पठ्ठ्या आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. जुन्या कार्डावर एकेका रेंडरला रात्र जायची, म्हणून ट्रेनिंगच्या स्टायपेंडमधून पैसे साठवून त्याने नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि दुकानातच बसवून आणलं. त्या दिवसापासून रेंडर लावला, की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन जागच्या जागी थिजायची. माउस हलेना, कीबोर्ड ऐकेना, स्पीकरमधून नुसतं "ट्र्र्र्र". बटण दाबून बंद करायचा आणि परत चालू करायचा, एवढाच इलाज.

दुकानदार म्हणाला, "विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावं लागेल." मारलं. पोरगं समजत होतं, की डी ड्राइव्ह सुरक्षित आहे म्हणजे सगळं सुरक्षित आहे. पण दोन महिन्यांचं काम डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये, म्हणजे सी ड्राइव्हवर होतं. "बॅकअप घेतलाय का?" हे तीन शब्द कोणी विचारले नाहीत. त्याच संध्याकाळी मशीन पुन्हा हँग झालं. मग सल्ला मिळाला, "रॅम बदलून बघू." रॅम बदलली, पैसे घेतले, हँग तसाच. आता म्हणे परत फॉरमॅट!

दुकानाचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाहीच.

दुपारी त्याच्या घरी गेलो. मामीने पोहे दिले, खाता खाता पहिला प्रश्न विचारला, "नुसता चालू ठेवला तर हँग होतो का?" नाही. "पिक्चर बघताना?" नाही. "फक्त रेंडरला?" हो. बघा, पोहे संपायच्या आत निम्मं निदान झालं! रिकामा असताना शहाण्यासारखा वागणारा आणि लोड आला की मान टाकणारा कॉम्प्युटर दिसला, की संशय आधी तापमानावर आणि विजेवर घ्यायचा असतो. विंडोजचा नंबर त्यानंतर.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडला. फॉरमॅटच्या आधीच्या पंधरा दिवसांच्या नोंदी अर्थातच गायब. पंचनामा व्हायच्या आधीच घटनास्थळ धुऊन काढलेलं! नंतरच्या नोंदींत 'कर्नेल-पॉवर ४१' पाच वेळा. नावात पॉवर आहे म्हणून यावर उडी मारू नका. ती नोंद एवढंच सांगते, की मागच्या वेळी विंडोज नीट बंद न होता परत चालू झालं. कारण सांगत नाही. ग्राफिक्स ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं आणि तो पुन्हा सुरू करावा लागला, तर सहसा ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. ती एकही नव्हती. यावरून काही सिद्ध होत नाही, पण लक्षात ठेवलं.

पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर मुळापासून काढून नवीन टाकला: हँग. बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी बंद करून तिला साध्या वेगावर आणलं: हँग. कार्डाचं तापमान बघत बसलो: ६८ अंश, म्हणजे तक्रारीला जागा नाही. मग कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणली. दोन तास रेंडर चालला. हँग नाही!

तेव्हा कुठे कॅबिनेटचं झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारून घेतला. कार्डाच्या खोक्यावर ठळक छापलंय, ६५० वॅटचा एसएमपीएस हवा. आत होता कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, ४५० वॅटचं लेबल लावलेला, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. त्याला कार्डासाठीची आठ पिनची वायरच नव्हती. म्हणून दुकानाने हार्ड डिस्कच्या जुन्या मोलेक्स वायरला ॲडाप्टर लावून काम भागवलं होतं.

जरा हिशेब करू. मदरबोर्डवरचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. आठ पिनच्या कनेक्टरमधून १५० वॅटपर्यंत घेता येतात. १५० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर साडेबारा अँपिअर. खऱ्या आठ पिनच्या केबलमध्ये हा भार १२ व्होल्टच्या तीन वायरी वाटून घेतात. इथे ॲडाप्टरची दोन्ही टोकं एकाच मोलेक्स माळेत खोचलेली, म्हणजे सगळा भार एका वायरीवर! त्यात आधुनिक कार्डं मिलिसेकंदाहूनही कमी वेळासाठी सरासरीच्या कितीतरी वर उसळी मारतात. म्हणून तर २०२२ मध्ये आलेल्या इंटेलच्या एटीएक्स ३.० मध्ये मोठ्या एसएमपीएसनी क्षमतेच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद सोसावा अशी अट घातली. १२ व्होल्टची लाइन ५ टक्क्यांहून जास्त, म्हणजे ११.४ च्या खाली बसता कामा नये असा एटीएक्स ३.० च्या आधीचा नियम होता. या डब्याकडून ती अपेक्षा कुठली?

तरीही हा संशयच होता. संध्याकाळी घरी जाऊन माझ्या मशीनचा ७५० वॅटचा एसएमपीएस काढून आणला, त्याच्याच केबलने कार्ड जोडलं, लिमिट परत १०० टक्के. रात्रभर रेंडर चालला. रविवारी सकाळी मुद्दाम जुना डबा परत लावला. बाराव्या मिनिटाला "ट्र्र्र्र". आता म्हणता येईल, की कारण सापडलं.

आता कोणी म्हणेल, दुकानदाराला एवढा वेळ कुठे असतो राव? मान्य. आणि फॉरमॅटने कधीकधी खरंच काम होतं हेही मान्य; ड्रायव्हरचा गुंता झाला असेल तर सुटतो. पण इथे वेळेचा प्रश्नच नव्हता. खोक्यावर छापलेला आकडा आणि एसएमपीएसवरचा आकडा शेजारी ठेवून वाचायला दहा सेकंद लागतात. आणि "तुझा एसएमपीएस पुरणार नाही" हे कार्ड विकतानाच सांगायला हवं होतं. ते सांगितलं असतं तर कदाचित गिऱ्हाईक गेलं असतं. फॉरमॅटला मात्र दुकानाचं काहीच जात नाही, जातं ते गिऱ्हाइकाचं. त्यामुळे हा सल्ला इतका स्वस्त!

आणि आपण सॉफ्टवेअरवाले फार हसायला नको. प्रॉडक्शनला सर्व्हर अडकला की आपण काय करतो? रीस्टार्ट. लॉग बघितले? नाही, ते रीस्टार्टमध्ये गेले. तिकिटावर काय लिहितो? "रिझॉल्व्ह्ड." मी स्वतः हे केलेलं आहे, शुक्रवारी संध्याकाळी तर हमखास. सोमवारी तोच प्रॉब्लेम दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात. काचेच्या बिल्डिंगमध्ये बसून केलं म्हणून ते फॉरमॅटपेक्षा वेगळं ठरत नाही.

म्हणून एकच विनंती आहे. पुढच्या वेळी कोणी "फॉरमॅट मारा" म्हणालं, की "कशावरून?" एवढं विचारा. उत्तर मिळालं नाही तर मशीन उचलून घरी आणा. आणि काहीही करण्याआधी बॅकअप, मग लॉग, मग बाकीचं.

मामेभावाने नवीन एसएमपीएस घेतला. कार्डात काडीचाही दोष नव्हता. मॉडेलची एक जुनी फाइल गाइडला पाठवलेल्या मेलमध्ये सापडली, दीड महिन्यापूर्वीची. सबमिशनला पाच आठवडे उरलेत. आता तो रात्री जागून पुन्हा त्याच भिंती काढत बसलाय.