हॉटेल आणि मुसाफिरखाना

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी दहावीपर्यंत होतं, पण 'स्कोरिंग सब्जेक्ट नाही' म्हणून कधी मनावर घेतलं नाही. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सुधारावं आणि वाचकांनी सांभाळून घ्यावं. खरं म्हणजे हा लेख मी इंग्लिश सेक्शनलाच देणार होतो. पण ज्या माणसामुळे तो सुचला त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. म्हणून इकडे आलो.

मी धर्माबादचा. फर्स्ट इयरला ओळख करून देताना हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे आंध्रात ना?" नाही हो! धर्माबाद नांदेड जिल्ह्यात आहे, महाराष्ट्रातच आहे. फक्त तेलंगणाची हद्द इतकी जवळ आहे की गाडी सुटली की थोड्याच वेळात सरस्वतीचं बासर येतं. आमच्याकडची लाल मिरची प्रसिद्ध. सीझनमध्ये मोंढ्यात पाय ठेवलात तर शिंकत शिंकतच बाहेर याल. माझे पप्पा याच मोंढ्यात एका अडत दुकानावर हिशोबाचं काम करतात.

मिरचीनंतर आमच्या गावात महत्त्वाचं काय असेल तर ती रेल्वे. मनमाड ते सिकंदराबाद ही लाईन १९०० च्या आसपास निजामाच्या राज्यात टाकली गेली. तेव्हा ती मीटर गेज होती, म्हणजे दोन रुळांत फक्त एक मीटर अंतर. म्हातारी माणसं अजूनही तिला 'छोटी लाईन' म्हणतात. औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी, नांदेड, धर्माबाद ही सगळी गावं या एका दोरीत ओवलेली आहेत. याच लाईनवर 'अजिंठा एक्सप्रेस' धावते. लहानपणी मला वाटायचं की ही गाडी थेट लेण्यांच्या दारात जाऊन थांबत असणार!

गेल्या वर्षी अजिंठा-वेरूळच्या ट्रिपची तयारी करताना प्रवाशांसाठी छापलेलं इंग्रजांच्या काळातलं एक गाईड हाती लागलं. त्यात औरंगाबादच्या नावाखाली राहण्याची सोय म्हणून लिहिलं होतं, स्टेट रेल्वे हॉटेल. मी चाटच पडलो. आमच्या छोट्या लाईनचं स्वतःचं हॉटेल? जी रेल्वे धर्माबादला धड चहा देत नाही, तिचं हॉटेल?

मग थोडं शोधलं, तेव्हा कळलं की ही त्या काळी जगभरची पद्धतच होती. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या दर्शनी बाजूला मिडलँड ग्रँड हॉटेल १८७३ साली सुरू झालं. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हा त्याचा आर्किटेक्ट. लांबून बघितलं तर राजवाडाच वाटावा अशी इमारत. सिव्हिलच्या मित्रांसाठी एक गंमत सांगतो. आग लागू नये म्हणून तिचे मजले जाड काँक्रीटचे बांधले होते, पण खोल्यांना जोडून बाथरूम नव्हत्या. पुढे लोकांना अटॅच्ड बाथरूम हवी झाली तेव्हा त्या जाड मजल्यांमधून पाईप न्यायचे कुठून? शेवटी १९३५ साली हॉटेल बंद पडलं. नंतर तिथे रेल्वेची ऑफिसं थाटली गेली. १९६० च्या दशकात तर इमारत पाडायचंच घाटत होतं. ती वाचली, आणि २०११ मध्ये तिथे पुन्हा हॉटेल सुरू झालं. (डिझाईन करताना पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करा, असं आमचे सर का सांगतात ते आता कळलं.)

कॅनडात तर कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेनं डोंगरात, जंगलात हॉटेलं बांधली. १८८८ चं बॅन्फ स्प्रिंग्ज, १८९३ चं क्वेबेकमधलं शातो फ्रोंतनाक. हिशोब सरळ होता. रूळ टाकायला बेसुमार पैसा लागलाय आणि डब्यात बसायला माणसं नाहीत. मग बघण्यासारखी जागा शोधा, तिथे झकास हॉटेल बांधा, म्हणजे श्रीमंत लोक तिकीट काढून येतील. हॉटेल हे तिकीट विकायचं साधन होतं. आपल्याकडे बंगाल नागपूर रेल्वेची पुरी आणि रांची इथली हॉटेलं याच जातीतली. आजही तिकडचे लोक त्यांना 'बीएनआर' याच नावानं ओळखतात. ही हॉटेलं नंतर खासगी कंपनीला चालवायला दिली गेली.

आता आपल्या औरंगाबादकडे येऊ. मुंबईहून येणारा साहेब मोठ्या लाईनच्या गाडीनं मनमाडला उतरायचा आणि तिथे आमच्या छोट्या लाईनची गाडी पकडायचा. वेरूळ औरंगाबादपासून साधारण ३० किलोमीटर आणि अजिंठा १०० च्या आसपास, तेही दुसऱ्या दिशेला. त्या काळच्या रस्त्यांवर एका दिवसात दोन्ही होणं शक्यच नव्हतं. म्हणजे मुक्काम आला, आणि मुक्काम म्हटलं की हॉटेल आलं. त्यात अजिंठ्याला जवळचं स्टेशन होतं जळगाव, ते दुसऱ्या कंपनीचं. प्रवासी आपल्या लाईनवर यावा असं वाटत असेल तर त्याला आपल्याकडे चांगला पलंग, चांगलं जेवण मिळालं पाहिजे, हे निजामाच्या रेल्वेला बरोबर उमगलं होतं. १९३० साली निजाम सरकारनं ही रेल्वे कंपनीकडून स्वतःकडे घेतली आणि १९३२ पासून रेल्वेच्याच खात्यानं प्रवासी बसही चालवल्या. रूळ, रस्ता, मुक्काम असा पूर्ण प्रवासाचा विचार त्यांनी केला होता. इंजिनिअरच्या नजरेनं बघितलं तर याला दाद द्यावीच लागेल.

इथपर्यंत वाचून मला फार अभिमान वाटला. सुट्टीत घरी गेल्यावर मी आजोबांना सांगितलं, "आजोबा, माहितीये का, आपल्या रेल्वेचं औरंगाबादला हॉटेल होतं!"

आजोबांनी अडकित्त्यावरून मान वर केली नाही. म्हणाले, "असंल की. आम्ही मुसाफिरखान्यात निजायचो."

झालं! माझ्या अभिमानाची हवाच गेली.

मुसाफिरखाना म्हणजे थर्ड क्लासच्या लोकांचा वेटिंग हॉल. वर छप्पर, खाली फरशी. पंखा असला तर नशीब. उशाला गाठोडं घ्यायचं, धोतराचा सोगा तोंडावर ओढायचा आणि पहाटेच्या गाडीची वाट बघत पडायचं. सोबत भाकरी आणि चटणी. आजोबांना त्यात काही वाईट वाटलेलं दिसलं नाही. हॉटेल आपल्यासाठी नसतंच, हे त्यांनी केव्हाच धरून टाकलं होतं.

पण मला ते डाचत राहिलं. त्या हॉटेलचा पलंग ज्या पैशातून आला, त्यात थर्ड क्लासच्या तिकिटाचे पैसे नव्हते का? गांधीजींनी १९१७ साली थर्ड क्लासच्या प्रवासावर एक लेख लिहिला. फर्स्ट क्लासचं भाडं थर्डच्या पाचपटीहून जास्त आहे हे मान्य, पण थर्डवाल्याला फर्स्टवाल्याच्या एक दशांश तरी सोय मिळते का, असा त्यांचा प्रश्न होता. लेखाखाली गावाचं नाव आहे रांची. तेच बीएनआर हॉटेलवालं रांची! १९५१ साली निजामाची रेल्वे भारतीय रेल्वेत आली. १९७४ साली थर्ड क्लास हे नाव गेलं. पण त्या डब्यातला माणूस काही गेला नाही. तो आज जनरलच्या डब्यात आहे.

आता पप्पांकडे येतो.

माझ्या ॲडमिशनच्या वेळी पप्पा सोबत आले होते. कागदपत्रं, फी, डीडी या भानगडीत संध्याकाळ झाली आणि एक सही दुसऱ्या दिवशीवर गेली. मला हॉस्टेलमध्ये रूम मिळाली होती. पण पालकांना रात्री थांबायची परवानगी नाही, असा नियम. पप्पा म्हणाले, "तू टेन्शन घेऊ नको. मी इथल्या एका ओळखीच्याकडं जाऊलालो." सकाळी नऊ वाजता ते गेटवर हजर होते, केस ओले, भांग पाडलेला. मला काहीच वेगळं वाटलं नाही.

दीड वर्षानं आईच्या तोंडून निसटलं. ओळखीचं वगैरे कुणीच नव्हतं. पप्पा स्टेशनवर गेले. लॉजचं भाडं परवडणारं नव्हतं, कारण खिशातले पैसे माझ्या मेसच्या डिपॉझिटचे होते. मोठ्या स्टेशनांवर रिटायरिंग रूम आणि डॉरमेटरी असते, पण ती ऑनलाईन बुक करायला पीएनआर नंबर लागतो आणि पप्पा आले होते जनरलच्या तिकिटावर. त्या तिकिटाला कुठला आलाय पीएनआर? मग प्लॅटफॉर्मवर पेपर अंथरून झोपले. सकाळी तिथल्याच नळावर तोंड धुतलं, केस भिजवले आणि गेटवर आले.

आजोबांचा मुसाफिरखाना, पप्पांचा प्लॅटफॉर्म. आजोबांना निदान डोक्यावर छप्पर आणि 'ही जागा तुमची' असं सांगणारी पाटी होती. पप्पांना तेवढंही नाही. आपण पुढे आलो की मागे गेलो, मला खरंच कळत नाही.

काहीजण म्हणतील, रेल्वेचं काम गाड्या चालवायचं, हॉटेलं नव्हे. मला हे पटतं. सरकारनं पर्यटन महामंडळाची बरीच हॉटेलं २००२ च्या सुमारास विकली, त्यात औरंगाबादचं अशोकही होतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. साहेबाला झोपवायला आज गल्लोगल्ली हॉटेलं आहेत. पण ज्याची गाडी रात्री दोनला येते आणि ऑफिस सकाळी दहाला उघडतं, त्याच्या मधल्या आठ तासांचं काय? ते आठ तास प्रवासाचाच भाग आहेत. आज स्टेशनं नवी होताहेत, काचेच्या भिंती, एसी लाउंज, सरकते जिने. चांगलंच आहे. पण शंभर-दीडशे रुपयांत, कुठल्याही तिकिटावर मिळणारी एक स्वच्छ कॉट प्रत्येक जिल्ह्याच्या स्टेशनवर असली तर परीक्षेला निघालेली पोरं, दवाखान्यात आलेले नातेवाईक, माझ्या पप्पांसारखी माणसं दुवा देतील. स्टेशन बघताना मी आता दर्शनी भाग बघत नाही. शेवटच्या गाडीनं उतरलेला माणूस कुठे झोपलाय ते बघतो.

पण रेल्वेला नावं ठेवणं सोपं आहे. जरा आपल्या कॅम्पसकडे बघू या का?

आपल्याकडे गेस्ट हाऊस आहे. एक्स्टर्नल एक्झामिनर आणि पाहुण्यांसाठी. एसी, गीझर, पांढऱ्या चादरी. वर्षातले कितीतरी दिवस त्याला कुलूप असतं. आणि गावाकडून पोरगा आजारी आहे म्हणून धावत आलेल्या बापाला रात्री गेटवरून परत पाठवलं जातं. म्हणजे आपलंही औरंगाबादसारखंच झालं की! हॉटेल आहे, आणि मुसाफिरखाना नाही.

रेक्टर सर आणि वॉर्डन मॅडम, राग मानू नका. तुमच्यावर सिक्युरिटीची जबाबदारी आहे हे आम्हाला कळतं. उद्या काही कमी-जास्त झालं तर प्रश्न तुम्हालाच विचारणार. म्हणून नुसती तक्रार न करता एक प्रपोजल देतो. बॉईज हॉस्टेलला तळमजल्यावर ऑफिसशेजारी एक खोली, त्यात चार कॉट. गर्ल्स हॉस्टेलला आईसाठी तशीच एक खोली. आधार कार्ड बघायचं, रजिस्टरमध्ये नोंद करायची, मुलाची किंवा मुलीची सही घ्यायची. जास्तीत जास्त दोन रात्री. भाडं नाममात्र, मेसचं कूपन वेगळं. कॉट आपण ॲन्युअल गॅदरिंगच्या फंडातून घेऊ. एक वर्ष डीजे थोडा लहान आणला तर बिघडणार नाही! खोली झाडायची, चादरी धुवायला टाकायची जबाबदारी आम्ही पोरं आळीपाळीनं घेऊ. एक सेमिस्टर ट्रायल घ्या. नाही जमलं तर बंद करा, मी पुन्हा लेख लिहिणार नाही.

आणि मित्रांनो, तुमच्यासाठीही एक काम. पुढच्या वेळी घरून कुणी आलं आणि "माझी सोय आहे" म्हणालं, तर एवढंच विचारा, "नेमकी कुठे?" मी विचारलं नव्हतं.

हा अंक घेऊन मी दिवाळीत धर्माबादला जाणार आहे. पप्पा वाचतील आणि बहुतेक आईवर चिडतील, तिनं सांगितलं म्हणून. असो. त्यांना कॉन्व्होकेशनला यायचंय. तेव्हा गेटवर त्यांना "तळमजल्यावर डावीकडची खोली" असं सांगता आलं तर या लेखाचं सार्थक झालं म्हणेन.

बघा, पटतंय का!