कागद आणि कुलीनता

मोठ्या इंजिनाच्या जुन्या अमेरिकन ‘मसल कार’ जपणाऱ्या शोकिनांत मोटारीपेक्षां तिच्या जन्मपत्रिकेचीच पूजा अधिक चालते. कागदाचें महत्त्व आम्हांस अमान्य नाहीं. १९६४ व १९६५ सालीं पाँटियाक जीटीओ हा ‘ल मान्स’ मोटारीवर जादा पैसे देऊन घ्यावयाचा साज होता; मोटारीच्या क्रमांकावरून तो ओळखतां येत नाहीं. तेथें कारखान्याच्या बिलाची नक्कल हाच भरंवशाचा साक्षीदार. परंतु साक्षीदारालाच न्यायासनावर बसविणें हा अविवेक होय. ज्या मोटारी वेगाच्या हौसेसाठींच विकल्या गेल्या, त्यांतील कित्येकींचीं इंजिनें फुटलीं व बदललीं, यांत नवल तें काय? तरीही मूळ इंजिन नसलेली मोटार हीनकुलीन ठरते, तिची किंमत घसरते. आणि मग परक्या इंजिनावरील आंकडे घासून हवे ते ठोकून देणारे कारागीर निपजतात. हा खोट्याचा बाजार लबाडांनीं मांडला खरा. परंतु त्यास भांडवल पुरविलें तें निष्कलंक कुळाचा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकांनीं. इंजिन बदललें असल्यास विकणारानें तें उघड सांगावें, आणि घेणारानें त्या खरेपणाचा दंड वसूल करूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.