पंच चुकतो तेव्हा

मराठीत ‘पाचामुखी परमेश्वर’ अशी एक म्हण आहे. पाच जाणती माणसे एकत्र बसून, दोन्ही बाजू ऐकून घेऊन जो निवाडा देतात, तो परमेश्वराचाच निवाडा समजावा, असा तिचा आशय आहे. खेळाच्या मैदानावर निवाडा करणाऱ्यालाही ‘पंच’ असेच म्हणतात. परंतु गावच्या पंचांत आणि मैदानावरील पंचात एक मोठा भेद आहे. गावच्या पंचांना साक्षी घेता येत, एकमेकांशी विचारविनिमय करता येई आणि मनाची खात्री पटेपर्यंत निकाल पुढे ढकलता येई. मैदानावरील पंचाला मात्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निर्णय द्यावा लागतो आणि तोही बहुधा एकट्याने. अशा निवाड्यात अधूनमधून चूक होणारच. प्रश्न एवढाच, की ती चूक झाली असता मुलांच्या मार्गदर्शकाने कसे वागावे?

हा प्रश्न सर्वच खेळांत येतो. परंतु अमेरिकेतील मुलामुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये तो फार ठळकपणे दिसतो. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली शिकागो शहरात झाला. पुढे हा खेळ मुलींमध्ये विशेष लोकप्रिय झाला. पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे १९३९ साली मुलांच्या बेसबॉलसाठी ‘लिटल लीग’ ही संस्था निघाली होती. तिनेही १९७४ साली मुलींसाठी सॉफ्टबॉल सुरू केला. आज महाराष्ट्रातील शालेय स्पर्धांतही हा खेळ खेळला जातो. अमेरिकेतील गावोगावच्या मैदानांवर मुलींना शिकवणारा मार्गदर्शक पुष्कळदा एखाद्या खेळाडूचा पिता किंवा माताच असते. पंचही अनेक ठिकाणी केवळ हौसेने काम करणारा गावकरी असतो, तर कधी वरच्या वर्गात शिकणारा एखादा विद्यार्थी असतो. जाळीमागे आईबाप बसलेले असतात. म्हणजे खेळणारी मुले, शिकवणारा, निवाडा करणारा आणि पाहणारे, हे सारे एकाच गावचे, एकमेकांना ओळखणारे लोक असतात.

अशा एखाद्या सामन्याचा शेवटचा डाव चालू आहे, असे समजा. दोन्ही संघांच्या धावा सारख्या आहेत. बारा वर्षांची एक मुलगी चेंडू टोलवून पहिल्या बेसकडे जिवाच्या आकांताने धावते. तिचा पाय बेसवर पडतो आणि त्याच क्षणी चेंडूही क्षेत्ररक्षक मुलीच्या हातमोज्यात येऊन बसतो. पंच मूठ उंचावून तिला बाद ठरवतो. मुलीचे डोळे पाण्याने भरतात. ती पंचाकडे पाहत नाही, आईबापांकडेही पाहत नाही. ती पाहते आपल्या मार्गदर्शकाकडे. पुढच्या अर्ध्या मिनिटात तो काय करील, यावर त्या मुलीचे पुष्कळसे शिक्षण अवलंबून असते.

मार्गदर्शकाने प्रथम हे ध्यानात घ्यावे, की पंचाचे काम दिसते तेवढे सोपे नसते. ह्या वयाच्या मुलींच्या खेळात चेंडू फेकणारी पिचर फलंदाजापासून चाळीस फुटांवर उभी असते. तिने ताशी ८० किलोमीटर वेगाने चेंडू फेकला, तर तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास फलंदाजापाशी पोचतो. तेवढ्या अवधीत तो सतरा इंच रुंदीच्या होमप्लेटवरून गेला की नाही, आणि फलंदाजाची काख व गुडघे यांच्या दरम्यानच्या उंचीवरून गेला की नाही, हे पंचाला ठरवावे लागते. पहिल्या बेसवरचा निर्णय तर याहून अवघड. एकच दृष्टी एकाच वेळी धावणाऱ्या मुलीच्या पायावर आणि येणाऱ्या चेंडूवर ठेवता येत नाही. म्हणून जाणते पंच डोळे बेसवर ठेवतात आणि हातमोज्यात चेंडू आदळल्याचा आवाज कानांनी टिपतात. पाय आधी दिसला की आवाज आधी ऐकू आला, एवढ्यावर सारा निवाडा! आता मार्गदर्शकाचा विचार करावा. तो दूर, एका बाजूला उभा असतो आणि शिवाय तो ममतेच्या दृष्टीने पाहत असतो. आपल्या मुलीचा पाय त्याला नेहमीच थोडा आधी पडलेला दिसतो. म्हणून पंच चुकला असे वाटताच, ‘कदाचित माझीच नजर चुकली असेल’ हा विचार त्याच्या मनात प्रथम यावयास हवा.

तरीही पंचाच्या चुका खऱ्या असतात आणि त्यांकडे डोळेझाक करावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ह्या चुका दोन प्रकारच्या असतात आणि त्यांतील भेद ओळखणे हे मार्गदर्शकाचे पहिले कर्तव्य होय. एक चूक नजरेची आणि दुसरी नियमाची. पाय आधी पडला की चेंडू आधी आला, हा नजरेचा प्रश्न आहे. अशा निर्णयाविरुद्ध तक्रार चालत नाही, असे खेळाचे नियमच सांगतात; कारण प्रत्येक चेंडूवर वाद होऊ लागला, तर सूर्य मावळेपर्यंत एक डावही पुरा होणार नाही. परंतु समजा, एखादी मुलगी पहिल्या बेसवर पाय देऊन वेगाच्या भरात सरळ पुढे गेली आणि लगेच परत फिरली. दुसऱ्या बेसकडे जाण्याचा प्रयत्न तिने केलेला नसेल, तर अशा मुलीला चेंडूने स्पर्श करून बाद करता येत नाही. पंचाने तिला बाद ठरवले, तर ती नजरेची चूक नव्हे. ती नियमाची चूक होय. तेथे मार्गदर्शकाने गप्प बसणे हा विनय नसून आळस आहे. त्याने पुढचा चेंडू फेकला जाण्यापूर्वीच हरकत नोंदवली पाहिजे. तो हक्क नियमांनीच त्याला दिलेला आहे. हा हक्क बजावण्यासाठी मात्र नियमांचे पुस्तक त्याने स्वतः वाचलेले असले पाहिजे. मैदानावर मोठ्याने ओरडणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते पुस्तक उघडलेले असते, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक!

हरकत घेण्याचीही एक रीत आहे. मार्गदर्शकाने आधी खेळ थांबवण्याची परवानगी मागावी. मग एकट्यानेच शांतपणे चालत पंचाजवळ जावे आणि दोघांनाच ऐकू जाईल अशा आवाजात बोलावे. ‘तुम्ही चुकलात’ असे म्हणण्याऐवजी, ‘आपण काय पाहिलेत, ते मला सांगाल का?’ असे विचारावे. पंचाच्या आणि बेसच्या मध्ये कोणी खेळाडू आलेला असेल, तर ‘दुसऱ्या पंचांना एकदा विचारून पाहता का?’ अशी विनंतीही करता येते; तीत कोणाचाच अपमान नाही. आणि उत्तर मिळाल्यावर, ते मनासारखे असो वा नसो, परत फिरावे. जो प्रश्न विचारतो, त्याचे म्हणणे ऐकून घेण्यास पंचही तयार असतो. जो हातवारे करीत धावत येतो, त्याच्यापुढे पंचाला केवळ आपला अधिकार राखावा लागतो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, की मुलांना आपण अन्यायाविरुद्ध उभे राहण्यास शिकवतो. मग मैदानावर मात्र अन्याय मुकाट्याने सोसावा, असे शिकवणे विसंगत नव्हे काय? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. पहिली गोष्ट अशी, की चूक आणि अन्याय एक नव्हेत. जाणूनबुजून केलेला पक्षपात हा अन्याय. प्रामाणिक माणसाची नजर फसणे ही चूक. दुसरी गोष्ट, पंच खरोखरच पक्षपात करीत असेल किंवा आपले काम न शिकताच उभा राहिला असेल, तर त्यावरही उपाय आहे. सामना संपल्यावर, राग निवाल्यावर, काय घडले ते स्पर्धा भरवणाऱ्यांना लिहून कळवावे. मैदानावरच्या शंभर आरोळ्यांपेक्षा असे एक पत्र अधिक काम करते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मुलांच्या जिवाला धोका असेल, तेथे क्षणभरही थांबू नये. विजा चमकत असतानाही पंच खेळ चालू ठेवू लागला, तर मार्गदर्शकाने आपली मुले सरळ मैदानाबाहेर न्यावीत. सामना गेला तरी चालेल. धावेसाठी भांडू नये. मुलांच्या जिवासाठी मात्र कोणाचीही भीड धरू नये.

पंचाची चूक किती मोठी असू शकते आणि माणसे तिच्यापुढेही किती मोठी होऊ शकतात, याचे एक उदाहरण अमेरिकेतील बेसबॉलमध्ये घडले. २ जून २०१० रोजी डेट्रॉइट शहरात आर्मांडो गॅलरागा हा पिचर खेळत होता. एका सामन्यात प्रतिपक्षाच्या सत्तावीस फलंदाजांना क्रमाने बाद करावयाचे आणि एकालाही बेसवर पोचू द्यावयाचे नाही, हा पराक्रम त्या मोठ्या स्पर्धेच्या सुमारे १३० वर्षांच्या इतिहासात तोवर केवळ २० वेळा घडला होता. गॅलरागाने सव्वीसजणांना बाद केले होते. सत्ताविसावा फलंदाज पहिल्या बेसकडे धावला. चेंडू त्याच्या आधी पोचला. परंतु जिम जॉइस ह्या अनुभवी पंचांनी त्याला नाबाद ठरवले. त्या क्षणी गॅलरागा केवळ हसला आणि पुढच्या फलंदाजाला बाद करून त्याने सामना संपवला. त्याचे सोबती व त्याच्या संघाचे व्यवस्थापक जिम लेलँड मात्र संतापले आणि त्यांनी पंचांना धारेवर धरले. सामन्यानंतर जॉइस यांनी चित्रफीत पाहिली. आपली चूक त्यांनी तत्काळ सर्वांसमक्ष कबूल केली आणि रडत रडत गॅलरागाची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर होमप्लेटमागे जॉइस हेच पंच होते. सामन्यापूर्वी खेळाडूंच्या नावांची यादी पंचांच्या हाती द्यावयाची असते. त्या दिवशी लेलँड यांनी ती यादी गॅलरागाच्या हाती देऊन त्याला पंचांकडे पाठवले. जॉइस यांना अश्रू आवरले नाहीत. निकाल मात्र बदलला नाही. गॅलरागाचा विक्रम नोंदला गेला नाही तो नाहीच. पण विक्रम करणाऱ्या कित्येकांची नावे लोक विसरले असतील, गॅलरागाचे नाव मात्र स्मरणात राहिले आहे. लेलँड आदल्या सायंकाळी रागावले, ही त्यांची माणूसपणाची बाजू. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती यादी गॅलरागाच्या हाती दिली, ही त्यांची मार्गदर्शकाची बाजू.

मार्गदर्शकाची खरी कसोटी मात्र वेगळ्याच वेळी लागते. पंचाची चूक आपल्या विरुद्ध गेली, म्हणजे सर्वांनाच दिसते. ती आपल्या लाभाची असली, म्हणजे ती कोणाला दिसते? १९८० सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांचा क्रिकेटचा कसोटी सामना चालू होता. इंग्लंडचे पाच गडी केवळ ५८ धावांत बाद झाले होते. अशा वेळी पंचांनी बॉब टेलर यांना यष्टीमागे झेलबाद ठरवले. भारताचे कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांना मात्र चेंडू बॅटला लागला नाही, असे वाटले. त्यांनी पंचांना निर्णय मागे घेण्याची विनंती केली आणि टेलर यांना परत खेळावयास बोलावले. पुढे टेलर व बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि भारत तो सामना दहा गडी राखून हरला. त्या पराभवाची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. विश्वनाथांच्या त्या कृतीची मात्र अजून काढतात. प्रत्येक मार्गदर्शकाला एवढे करणे साधेलच, असे नाही. परंतु आपल्या लाभाच्या चुकीवर टाळ्या पिटणारा आणि तोट्याच्या चुकीवर आरडाओरडा करणारा मार्गदर्शक मुलांना न्याय शिकवत नसतो. तो त्यांना केवळ स्वार्थ शिकवत असतो, हे निश्चित.

आता पुन्हा त्या रडणाऱ्या मुलीकडे वळू. मार्गदर्शकाने तिला काय सांगावे? ‘तू खरोखरच बाद होतीस’ असे खोटे सांगू नये, कारण मुलांना खोटे तत्काळ कळते. ‘पंचाने आपला सामना घालवला’ असेही सांगू नये, कारण तेही बहुधा खरे नसते. त्याच सामन्यात दोन झेल सुटलेले असतात आणि तीन चेंडू भलतीकडे फेकले गेलेले असतात. त्याने एवढेच म्हणावे, ‘तू आधी पोचलीस, असे मलाही वाटले. पण निर्णय पंचांचा आहे. तू जिवापाड धावलीस, ते मी पाहिले आहे. चल, आता मैदानात जागेवर उभी राहा.’ ह्या चार वाक्यांत सत्य आहे, शिस्त आहे आणि मायाही आहे.

पंचाचा हुद्दा मोठा असला, तरी पोशाखाच्या आत तो एक माणूसच असतो. कित्येकदा तर तो खेळाडूंहून चार-पाच वर्षांनीच मोठा असलेला मुलगा किंवा मुलगी असते. मोठ्यांच्या शिव्याशाप ऐकून अशी मुले हे काम सोडून देतात आणि मग चांगल्या पंचांवाचून खेळच अडून बसतो. जो मार्गदर्शक आज पंचाला सांभाळून घेतो, तो उद्याच्या खेळाला सांभाळत असतो. सामन्याचा निकाल आठ दिवसांत विसरला जातो. आपल्यावर चूक ओढवली असता आपला मार्गदर्शक कसा वागला, हे मात्र मुले मोठेपणीही विसरत नाहीत. आणि पुढे त्यांच्यावर जेव्हा निवाडा करण्याची पाळी येते, तेव्हा त्या शिकवणीचे फळ दिसू लागते.